फुप्फुस कार्य चाचण्या

फुप्फुस कार्य चाचण्या म्हणजे फुप्फुसांत किती हवा मावते, ती किती वेगाने बाहेर पडते आणि वायूंची रक्ताशी देवाणघेवाण कितपत होते, हे मोजणाऱ्या चाचण्यांचा समूह होय. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच चाचणीतून मिळत नाहीत. म्हणून लक्षणे, वय व व्यवसाय पाहून चाचणी निवडली जाते.

प्रमुख चाचण्या

श्वासमापन (स्पायरोमेट्री) : ही बहुधा पहिली चाचणी असते. इंग्लंडमधील वैद्य जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये श्वासमापकावरील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा व एकूण उच्छ्वसित हवा यांचे गुणोत्तर श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधानंतरही ०.७० पेक्षा कमी राहिल्यास सीओपीडीच्या निदानास आधार मिळतो. दम्यात हा अवरोध औषधाने बरेचदा कमी होतो.

आकारमान मापन : पूर्ण उच्छ्वासानंतरही आत उरणारी हवा श्वासमापनाने मोजता येत नाही. फुप्फुसे आकसल्याची शंका असल्यास बंद कक्षात बसवून प्लेथिस्मोग्राफी करतात.

विसरण क्षमता : यात अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू हुंगवतात. फुप्फुसांची तंतुमयता किंवा एम्फिसीमा यांत ही क्षमता घटते.

इम्पल्स ऑसिलोमेट्री : जोराने फुंकू न शकणाऱ्या लहान मुलांसाठी उपयुक्त.

व्यावसायिक आजार

रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथे १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. कंटेनर बंदरात डिझेलचा धूर, मालाची धूळ व धुरीकरणाचे वायू यांच्याशी कामगारांचा संबंध येऊ शकतो. कामामुळे होणाऱ्या दम्यात, कामापासून दूर असताना केलेले श्वासमापन निर्दोष येऊ शकते. अशा वेळी पीक फ्लो मीटरवर दिवसातून किमान चार वेळा, दोन ते चार आठवडे नोंदी ठेवतात. कामाच्या दिवशी घसरणारे व सुट्टीत सुधारणारे आकडे कारणाकडे बोट दाखवतात.

मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांत आढळलेल्या बिसिनोसिस या विकारात साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते. तेथे पाळीपूर्वी व पाळीनंतर श्वासमापन करणे उपयुक्त ठरते. २०२५ मध्ये रद्द झालेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत बिसिनोसिस व सिलिकोसिस यांचा समावेश होता. त्यामुळे अशा नोंदींना कायदेशीर महत्त्वही असे.

मर्यादा

अपेक्षित मूल्ये वय, लिंग व उंचीनुसार बदलतात. कामावर रुजू होतानाची चाचणी उपलब्ध असल्यास पुढील घट ओळखणे सोपे जाते. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असल्यास, खोकल्यातून रक्त पडत असल्यास किंवा संसर्गजन्य क्षयरोग असल्यास श्वासमापन सहसा पुढे ढकलतात.