नवे इंजिन, जुना संगणक : मोटारदुरुस्तीच्या ज्ञानाचा इतिहास आणि बोर्ली पंचतन परिसर

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन हे दिवेआगर व आसपासच्या गावांसाठी बाजारपेठेचे गाव होय. रेल्वे या किनाऱ्यापर्यंत आलेली नाही. कोकण रेल्वेचे माणगाव स्थानक रस्त्याने बऱ्याच अंतरावर आहे. येथील दळणवळण त्यामुळे रस्त्यावर, पर्यायाने मोटारवाहनाच्या आयुष्यावर अवलंबून आहे. अशा परिसरात निकामी इंजिनाच्या जागी दुसरे इंजिन बसवून जुनी गाडी चालू ठेवणे हा हौसेचा नव्हे, तर अर्थकारणाचा प्रश्न ठरतो. या कामाचे स्वरूप कसे बदलत गेले आणि त्यामुळे दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या हाती गेले, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

धातूची जुळणी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९८५ मध्ये '११८ एनई' ही मोटार बाजारात आणली. तिचा सांगाडा फियाट १२४ या १९६०च्या दशकातील मोटारीचा, तर ११७१ घनसेंटिमीटरचे इंजिन जपानच्या निसान कंपनीच्या रचनेचे होते. जुन्या देहात दुसऱ्या देशाचे इंजिन बसविण्याचा हा प्रयोग यशस्वी होऊ शकला, कारण जुळवायचे होते ते धातूचे भाग : माउंटिंग, गिअरबॉक्स, रेडिएटरच्या नळ्या, सायलेन्सर. इंधनाचे प्रमाण कार्ब्युरेटर व ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटर ठरवीत असे. दोन्ही गोष्टी पान्याने आणि कानाने साधता येत. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलेले इंजिन दूरच्या गावातील मिस्त्रीही बसवू शके. मुंबईच्या टॅक्सीव्यवसायातील शेवटची प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. त्या मोटारीच्या दीर्घायुष्यात या सुलभ दुरुस्तीचा वाटा मोठा होता.

संकेतांची जुळणी

१९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक आवश्यक झाला आणि १ एप्रिल २००० पासून 'इंडिया २०००' ही उत्सर्जन मानके देशभर लागू झाली. परिवर्तकाला हवा व पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने सुमारे १४.७ास १ असे अचूक लागते. कार्ब्युरेटरला ते सतत राखता येत नाही. परिणामी 'एमपीएफआय' प्रणाली आणि तिचा संगणक, म्हणजेच गॅरेजच्या भाषेतील 'ईसीएम', सर्वसामान्यांच्या मोटारींत आला.

येथूनच इंजिन बदलण्याचा प्रश्न पालटला. ईसीएम इंजिनाला पाहत नाही. तो फक्त सेन्सरचे संकेत वाचतो. क्रँकबरोबर फिरणाऱ्या दातेरी चक्रावर ठरावीक जागी दाते गाळलेले असतात. त्या रिकाम्या जागेवरून ईसीएम पिस्टनची स्थिती ओळखतो. नव्या इंजिनाच्या चक्राचे दाते वेगळे असल्यास जुन्या ईसीएमला वेळेचा हिशेब लागत नाही व इंजिन सुरूच होत नाही. चक्र जुळले तरी इंजेक्टरची क्षमता किंवा इंजिनाचे आकारमान निराळे असेल, तर साठविलेला इंधनाचा तक्ता चुकतो. ऑक्सिजन सेन्सर ही चूक मर्यादेतच सुधारतो. पूर्ण भारावर मिश्रण विरळ राहिल्यास इंजिन ठोके देते आणि पिस्टन जळू शकतो.

यावर दोन मार्ग रूढ झाले. पहिला, इंजिने एकाच कुळातील असल्यास जुन्या इंजिनाचे चक्र, सेन्सर, इंजेक्टर व थ्रॉटल नव्या इंजिनावर चढविणे. दुसरा, नव्या इंजिनाचा ईसीएम संपूर्ण वायरिंगसह आणणे. पहिल्या मार्गात नव्या इंजिनाचे काही गुण वाया जातात, तर दुसऱ्यात जुन्या मोटारीचे मीटर व अन्य जोडण्या नव्याने जुळवाव्या लागतात.

डिझेलचे उदाहरण अधिक बोलके आहे. फियाटचे १२४८ घनसेंटिमीटरचे मल्टीजेट इंजिन पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथेही तयार होत असे. फियाट, टाटा व मारुती या तिघांच्याही मोटारींत ते वापरले गेले. बाहेरून इंजिन एकच. परंतु सुमारे ७५ अश्वशक्तीच्या प्रकारात टर्बोची रचना स्थिर, तर सुमारे ९० अश्वशक्तीच्या प्रकारात पाती हलणारी होती. पहिल्या प्रकारासाठी आखलेल्या ईसीएमकडे पाती हलविण्याची आज्ञाच नसते. त्यामुळे इंजिन जागेवर चपखल बसूनही त्याची वाढीव शक्ती मिळत नाही.

अनुमतीची जुळणी

पुढील टप्प्यात चावी ओळखणारी इमोबिलायझर यंत्रणा आली. दुसऱ्या गाडीचा ईसीएम योग्य असूनही चावीशी त्याची ओळख स्कॅनरद्वारे करून दिल्याशिवाय इंजिन चालत नाही. अनेक कॉमनरेल इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरचा सांकेतिक क्रमांकही ईसीएममध्ये नोंदवावा लागतो. कायद्यातही इंजिनबदलाची दखल आहे : मोटारवाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ नुसार पूर्वमान्यतेविना इंजिन बदलले गेल्यास मालकाने चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावे लागते. मात्र कायद्याची अनुमती कार्यालयात मिळते. ईसीएमची अनुमती ज्याच्याकडे संगणकीय साधन आहे त्याच्याकडेच मिळते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मोटारदुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली करणारा कायदा केला. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व तिच्या विषयांत मोटारींचाही समावेश केला.

निष्कर्ष

१) इंजिनबदलाचा इतिहास धातू, संकेत व अनुमती अशा तीन टप्प्यांत मांडता येतो.

२) प्रदूषण नियंत्रणासाठी संगणक अपरिहार्य होता, त्याचे सार्वजनिक लाभ नाकारता येत नाहीत. परंतु त्याची माहिती बंदिस्त ठेवणे ही तांत्रिक अपरिहार्यता नव्हे, तर व्यावसायिक निवड होय.

३) या निवडीची किंमत शहरापेक्षा बोर्ली पंचतनसारख्या ठिकाणी अधिक जाणवते. खाऱ्या दमट हवेत वायरिंगचे जोड लवकर गंजतात, अधिकृत दुरुस्ती केंद्रे प्रायः शहरांत असतात आणि गाडी बंद पडली की उपजीविका थांबते.

स्थानिक मिस्त्रीच्या हाती पान्यासोबत स्कॅनर व वायरिंगचे नकाशे पोहोचले, तरच जुन्या वाहनांचे आयुष्य आणि दुरुस्तीचे ग्रामीण ज्ञान या दोहोंचे रक्षण होईल.