भरतवाक्य आधी, अंक नंतर

निवडणुकीनंतरचे जनमत दूरचित्रवाणी कसे घडवते, असा प्रश्न निघाला की आपले लक्ष प्रथम चर्चेच्या कार्यक्रमांकडे जाते. कोणाला किती वेळ मिळाला, कोणाचे बोलणे मध्येच तोडले गेले, निवेदकाचा स्वर कोणाशी बोलताना चढला, याची मोजदाद आपण करतो. हा पक्षपात उघड असतो, म्हणून तो पकडताही येतो. कथनमीमांसेच्या अभ्यासकाला मात्र दुसऱ्या एका जागी थांबावेसे वाटेल. गोष्टीचा शेवट कोणी, केव्हा आणि कोणाच्या नावाने उच्चारला, ही ती जागा. अमेरिकेतील २००० सालची अध्यक्षीय निवडणूक या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगी आहे.

आपल्याकडे मतदारसंघाचा निर्वाचन अधिकारी निकाल जाहीर करतो आणि विजयी उमेदवाराला प्रमाणपत्र देतो. 'कल', 'आघाडी' आणि 'विजयी' हे तीन शब्द मराठी श्रोत्याला तीन वेगळ्या पायऱ्या म्हणून ऐकू येतात. अमेरिकेत मतदानाच्या रात्री देशाचा निकाल सांगणारी मध्यवर्ती यंत्रणाच नाही. राज्ये आपली मते काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी प्रमाणित करतात. दरम्यानची पोकळी वाहिन्या भरून काढतात. त्या जे 'जाहीर' करतात ते खरे तर अनुमान असते. पण पडद्यावर ते भूतकाळी क्रियापदाने येते. 'जिंकले' हा शब्द एकदा उच्चारला गेला की ऐकणाऱ्याच्या मनातला संभव संपतो.

७ नोव्हेंबर २०००च्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास प्रमुख वाहिन्यांनी फ्लोरिडा अल गोर यांना देऊन टाकले. तेव्हा त्याच राज्याच्या पश्चिमेकडील, एक तास मागे चालणाऱ्या जिल्ह्यांत मतदान संपलेही नव्हते. दहाच्या सुमारास ही घोषणा मागे घेतली गेली. मध्यरात्र उलटून २ वाजून १६ मिनिटांनी फॉक्स न्यूजने जॉर्ज बुश विजयी झाल्याचे सांगितले, आणि पुढच्या चार मिनिटांत एनबीसी, सीबीएस, सीएनएन, एबीसी अशा सगळ्यांनी तेच म्हटले. सर्वांची आकडेवारी व्होटर न्यूज सर्व्हिस या एकाच सामाईक संस्थेकडून येत होती; धीर मात्र एकमेकांकडून आला. फॉक्सच्या निर्णय-कक्षाचे प्रमुख होते जॉन एलिस. इंग्रजी वृत्तपत्रे त्यांना बुश यांचे 'कझिन' म्हणतात. मराठीत नाते नेमके सांगता येते: आतेभाऊ. त्या रात्री त्यांचे दोन्ही बुश बंधूंशी फोनवर बोलणे चालू होते, हे त्यांनीच पुढे सांगितले.

एलिस यांनी जाणूनबुजून खोटे सांगितले असे म्हणण्याची गरज नाही. आकडे खरोखरच बुश यांच्याकडे झुकलेले दिसत होते, शिवाय त्यांतल्या काही आकड्यांत चुका होत्या. प्रश्न उतावळेपणाचा आहे, आणि तो उतावळेपणा कोणत्या दिशेने सहज वाहतो याचा आहे. तेच आकडे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेपुढेही होते. तिने घोषणा केली नाही.

पुढचा प्रसंग नाटककाराला सुचला असता तर समीक्षकांनी अतिरंजित ठरवला असता. दूरचित्रवाणीवर विश्वास ठेवून गोर यांनी बुश यांना फोन करून पराभव मान्य केला, आणि सुमारे तासाभराने पुन्हा फोन करून ती मान्यता मागे घेतली. चारच्या सुमारास वाहिन्यांनीही आपली घोषणा मागे घेतली. पण भरतवाक्य म्हणून झाले होते. आता अंक सुरू करायचा होता. फेरमोजणीच्या त्या छत्तीस दिवसांत बुश हे जिंकलेला विजय राखणारे गृहस्थ ठरले, तर गोर हे निकाल उलटवू पाहणारे. वास्तविक दोघेही सारख्याच अनिश्चिततेत उभे होते, आणि देशभरच्या एकूण मतांत गोर पाच लाखांहून अधिक मतांनी पुढे होते. बुश समर्थकांच्या हातांत 'सोअर लूजरमन' असे फलक आले. गोर-लिबरमन या जोडनावावरची ही कोटी. अर्थ, हार न पचलेला माणूस. ही कोटी कळायला आधी 'हार झाली' हे गृहीत धरावे लागते, आणि ते गृहीतक २ वाजून १६ मिनिटांनी पुरवले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबरला पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी थांबवली, तेव्हा सुमारे साठ लाख मतांत अंतर होते ५३७ मतांचे.

वीस वर्षांनी याच वाहिनीवर उलट घडले. ३ नोव्हेंबर २०२०च्या रात्री ११ वाजून २० मिनिटांनी फॉक्सने ॲरिझोना बायडेन यांना दिले, इतरांच्या बरेच आधी. या वेळी घोषणा प्रेक्षकांच्या इच्छेविरुद्ध होती. प्रेक्षक चिडले, न्यूजमॅक्ससारख्या प्रतिस्पर्धी वाहिनीकडे वळू लागले, आणि धास्तावलेल्या फॉक्सच्या पडद्यावर डोमिनियन कंपनीच्या मतदान यंत्रांनी मते फिरवल्याचे दावे झळकू लागले. खटल्यात उघड झालेल्या संदेशांवरून दिसते की निवेदकांचा स्वतःचाच त्या दाव्यांवर विश्वास नव्हता. एका वार्ताहर स्त्रीने असा दावा तपासून खोडला, तेव्हा तिला कामावरून काढा, असे वाहिनीच्या एका प्रसिद्ध निवेदकाने सहकाऱ्यांना लिहिले. समभागाचा भाव उतरतो आहे, ही त्याची तक्रार होती. म्हणजे जनभावना घडवणारी वाहिनी आता जनभावनेच्या दारात उभी होती. आपण ज्याला 'प्रभाव' म्हणतो तो बाणासारखा एकाच दिशेने जात नाही, हे संज्ञापनाच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा या संदेशांतून अधिक स्पष्ट कळते.

बायडेन यांनी ॲरिझोना १०,४५७ मतांनी जिंकले. घोषणा घाईची असेल, पण बरोबर ठरली. तिचे पडद्यावर समर्थन करणारे राजकीय संपादक ख्रिस स्टायरवॉल्ट यांची नोकरी जानेवारी २०२१मध्ये गेली. त्याच महिन्याच्या ६ तारखेला संसदभवनावर जमाव चालून गेला होता. एप्रिल २०२३मध्ये फॉक्सने डोमिनियनला ७८.७५ कोटी डॉलर देऊन खटला मिटवला. काही दावे खोटे असल्याचा न्यायालयाचा निष्कर्ष वाहिनीने एका निवेदनात नमूद केला. ज्या कार्यक्रमांतून ते दावे प्रेक्षकांपर्यंत गेले होते, त्या कार्यक्रमांत क्षमायाचना करण्याची अट तडजोडीत नव्हती.