विमानतळाचे भाडे : सालाझार, नाटो आणि गोवा

मदत देणाऱ्या राष्ट्राने मदत घेणाऱ्यास ‘तुझ्या प्रजेला माणसासारखे वागव’ असे बजावावे की नाही, हा प्रश्न ऐकावयास मोठा सोपा वाटतो. अडचण उभी राहते ती मदत घेणाऱ्याच्या पदरी देणाऱ्याला हवीशी एखादी वस्तू असते तेव्हा. या व्यवहाराचा एक चोख नमुना आपल्या गोव्याच्या इतिहासातच गुंतलेला आहे.

४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा राष्ट्रांनी नाटो करारावर सह्या केल्या. कराराच्या प्रस्तावनेत लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य व कायद्याचे राज्य यांचा उच्चार आहे. या बारांत पोर्तुगालही होता! तेथे १९३२ पासून सालाझारची एकहाती सत्ता चालू होती. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, ‘पीडे’ नावाचे गुप्त पोलीस होते, आणि दूर केप व्हर्द बेटांवर तार्राफालची बंदिछावणी होती. शेजारच्या स्पेनचा हुकूमशहा फ्रँको दाराबाहेर राहिला. मग सालाझारला या पंक्तीत पाट कोणी मांडला?

उत्तर नकाशात आहे. अटलांटिक महासागराच्या मध्यावर अझोर्स ही पोर्तुगालची बेटे आहेत, आणि त्यांतील टेर्सेरा बेटावर लाजेस येथे मोठा विमानतळ आहे. १९४३ मध्ये ब्रिटिशांनी १३७३ सालच्या जुन्या तहाचा हवाला देऊन तेथे पाय रोवला. मागोमाग अमेरिकन आले. १९५१ मध्ये अमेरिकेने तळाच्या वापराचा रीतसर करार केला. अमेरिकेतून युरोपकडे फौज व सामग्री न्यावयाची तर मध्ये उतरून इंधन भरण्यास याहून सोयीची जागा नव्हती.

आता गोवा. नाटो कराराच्या सहाव्या कलमाप्रमाणे अटलांटिकमधील बेटांना संरक्षण मिळते तेही कर्कवृत्ताच्या उत्तरेस. तेव्हा गोव्याचा त्या कराराशी काडीचा संबंध नव्हता. तरीही १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडल्या जाऊन वीसहून अधिक माणसे मेली, त्यानंतर चार महिनेही झाले नव्हते, तोच अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या पावलो कुन्यांसमवेत काढलेल्या पत्रकात पूर्वेकडील ‘पोर्तुगीज प्रांतां’चा उल्लेख केला. वसाहतीस ‘प्रांत’ म्हणणे ही सालाझारचीच भाषा. त्या वेळी ना. ग. गोरे आग्वादच्या तुरुंगात होते. दिल्लीत संताप उसळला; लिस्बनचे काम मात्र झाले होते.

केनेडी आल्यावर वारे थोडे फिरले. १९६१ च्या आरंभी अंगोलात बंड झाले व पोर्तुगालने ते निर्दयपणे चिरडले. १५ मार्च रोजी सुरक्षा समितीत अमेरिकेने चक्क रशियाच्या बाजूने, म्हणजे पोर्तुगालच्या विरुद्ध मत दिले. ठराव फेटाळला गेला, परंतु धक्का बसला. लष्करी मदत आखडती घेण्यात आली, आणि नाटोसाठी दिलेली शस्त्रे आफ्रिकेत वापरू नयेत अशी अट पुढे आली. मदतीला अट घालण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता, असे मी मानतो.

सालाझारने त्यावर आरडाओरडा केला नाही. त्याच्या हाती पंचांग होते! अझोर्स तळाच्या कराराची मुदत ३१ डिसेंबर १९६२ रोजी संपत होती. इकडे ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, आणि अझोर्स गमावणे परवडणार नाही असे अमेरिकेचे सेनाधिकारी सांगू लागले. त्यांचे म्हणणे खोटे होते असेही नाही. बर्लिनचा पेच खराच होता. डिसेंबरमध्ये भारतीय सेना गोव्यात शिरली, तेव्हा सुरक्षा समितीत स्टीव्हन्सन यांनी भारतावर कडक शब्दांत टीका केली, आणि सैन्य मागे घेण्याचा ठराव केवळ रशियाच्या नकाराधिकारामुळे अडला. मुदत सरल्यावर सालाझारने करार मोडला नाही आणि नवाही केला नाही. अमेरिकन विमाने तशीच उतरू दिली, म्हणजे दोरी कायम त्याच्या हाती. वसाहतींच्या प्रश्नावर अमेरिकेचा आवाज नरमला तो नरमलाच. सांगलीहून गोव्यात मराठी शिकवावयास गेलेले आणि १९५५ मध्ये पकडले गेलेले मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये.

ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात लाजेसचे मोल पुन्हा दिसले. इस्रायलकडे शस्त्रे नेणाऱ्या अमेरिकन विमानांना युरोपातील इतर मित्रांनी दारे लावली. पोर्तुगालने, निक्सनच्या कडक पत्रानंतर का होईना, ते दार उघडे ठेवले. सहा महिन्यांतच, २५ एप्रिल १९७४ रोजी, तेथील हुकूमशाही कोसळली. ती पाडली पोर्तुगालच्याच तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी, आफ्रिकेतील लढायांना कंटाळून.

त्याच १९७४ साली अमेरिकन काँग्रेसने परराष्ट्र मदतीच्या कायद्यात ५०२ ब हे कलम घातले : मानवी हक्क सातत्याने पायदळी तुडवणाऱ्या सरकारास लष्करी मदत देऊ नये. आरंभी ती नुसती इच्छा होती. पुढे १९७० च्या दशकातच तिला बंधनाचे रूप आले. तथापि ‘असाधारण परिस्थिती’ आणि राष्ट्रहित यांसाठी त्यात एक खिडकी ठेवलेली आहे. हे कलम १९६२ मध्ये असते, तर लाजेसची फाईल त्याच खिडकीतून आत सरकली असती, असे माझे मत आहे.