उपासनेचं संगीत निवडायचं कुणी?

आजच्या व्याख्यानाचं शीर्षक पत्रिकेत ‘ख्रिस्ती उपासनेसाठी योग्य संगीत’ असं छापलं आहे. त्यातला ‘योग्य’ हा शब्द मला थोडा थांबवतो. तत्त्वज्ञानाच्या माणसाला ही सवयच असते म्हणा. योग्य म्हणजे कशाला योग्य? देवाला, शब्दांना, की गाणाऱ्यांना? या तिघांची उत्तरं वेगळी येतात, आणि चर्चच्या इतिहासातली बरीचशी भांडणं त्यातूनच निघालेली आहेत.

हा प्रश्न ख्रिस्ती धर्माहूनही जुना आहे. प्लेटोनं ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या भागात नगरराज्यात कोणत्या स्वररचना चालतील याची चक्क चाळणी लावली. डोरियन आणि फ्रिजियन ठेवल्या, रडव्या आणि सुस्त करणाऱ्या रचना बाहेर काढल्या. संगीत थेट स्वभावात उतरतं, अशी त्याची खात्री होती. ही भीती पुढे संत ऑगस्टीनकडे आली, पण तिथे ती फार प्रामाणिक झाली. ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात तो सांगतो की चर्चमधल्या गायनानं आपल्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तरीही कधीकधी शब्दांपेक्षा सूरच मनाला जास्त हलवतो, तेव्हा आपल्या हातून पाप घडतं असं वाटतं. मग गायन बंद करावं का? तो दोन्ही बाजूंनी हेलकावे खातो आणि शेवटी गायनाच्या बाजूनं कलतो; दुबळ्या मनाला त्याचा आधार होतो म्हणून. ठाम निकाल तो देत नाही. मला तो याचमुळे आवडतो.

धर्मसुधारणेच्या काळात मात्र निकाल लागले, आणि कडक लागले. झुरिकमध्ये झ्विंग्लीनं उपासनेतून संगीतच काढून टाकलं. गंमत म्हणजे हा माणूस स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा होता. 1527 साली तिथली ऑर्गन्स काढली गेली, आणि मंडळीचं गायन पुन्हा सुरू व्हायला 1598 साल उजाडलं. ल्यूथरचं याच्या अगदी उलट. त्यानं लोकांच्या भाषेतली गीतं लोकांच्या तोंडी दिली. कॅल्विन मधला. स्तोत्रसंहितेतली स्तोत्रं गा, पण एका आवाजात, वाद्याशिवाय. जिनिव्हात लुई बुर्जुआ नावाचा संगीतकार होता. त्यानं परवानगीशिवाय काही चाली बदलल्या म्हणून 1551 साली त्याला तुरुंगात टाकलं. कॅल्विननं मध्ये पडून त्याला सोडवलं. चाल बदलली म्हणून कैद! आपल्याला हसू येतं, पण लोक एक चाल पाठ करून बसलेले असतात आणि ती हलली की त्यांना जमीन हलल्यासारखी वाटते, हे नगर परिषदेला कळलेलं होतं.

आता आपल्याकडे येऊ. 1813 साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, 1831 साली अहमदनगरला ठाणं झालं. त्यांनी आपल्यासोबत स्वतःची गीतं आणली, आणि मराठीत भाषांतरं करून मूळच्या चालींवर बसवली. हेतू चांगला होता. पण भाषेनं दगा दिला.

तो कसा, हे जरा सावकाश बघू. इंग्रजी पद्य आघातावर चालतं. एक अक्षर हलकं, पुढचं जोराचं. मराठीत तसा आघात नाही. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचं वजन आहे. इंग्रजी गीतांच्या कितीतरी चाली हलक्या ठोक्यानं सुरू होतात. त्यावर ‘देवा’ हा शब्द बसवा. ‘दे’ दीर्घ असूनही हलक्या ठोक्यात चिरडला जातो आणि ‘वा’वर सगळा भार पडतो. हाक मारायचा शब्द, आणि त्याचाच गळा आवळला जातो! एखाद्या शब्दाचं असं झालं तर चालून जातं, पण ओळीमागून ओळ असं होत गेलं की प्रार्थना ऐकू येते ती परक्या माणसाच्या उच्चारात. शिवाय त्या चाली चार आवाजांच्या स्वरमेळासाठी रचलेल्या. चारपैकी तीन आवाज काढून घेतले की उरलेला एक पुष्कळदा पोरका वाटतो.

आता याच्या शेजारी अभंग ठेवा. मोठ्या अभंगाचा साचा सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. तो मात्रा मोजत बसत नाही. गाणारा अक्षर लांबवतो, आखडतो, शब्दाला जागा करून देतो. ओवी तर याहून सैल. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आले, आणि त्यांनी ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं ते ओवीत. 1616 साली ते रोमन लिपीत छापलं गेलं. म्हणजे अमेरिकन मिशन येण्याच्या दोनशे वर्षं आधी एका परदेशी माणसाला मराठीचं पात्र कोणतं हे उमगलेलं होतं. एकोणिसाव्या शतकात तेच उत्तर पुन्हा शोधावं लागलं.

ते शोधणाऱ्यांत कृष्णराव सांगळे यांच्यासारखे गीतकार होते. पण सर्वांत मोठं नाव नारायण वामन टिळकांचं. जन्म 1861, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते सांगत. ते नुसतं बोलणं नव्हतं. ‘अभंगांजली’ पाहा, त्यांची भजनं पाहा. मराठी मंडळ्या वापरतात त्या ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. तिथे शब्दाला स्वतःचं वजन परत मिळालं. शिवाय कीर्तन होतंच. वाचता न येणाऱ्या माणसांपर्यंत शुभवर्तमान पोहोचवायला त्याच्याइतकं चांगलं माध्यम दुसरं नव्हतं.

इथे बहुतेक वक्ते थांबतात. परकं गेलं, आपलं आलं, टाळ्या. पण ‘आपलं’ म्हणजे कुणाचं?

नगरकडच्या मंडळ्यांमध्ये जे लोक आले ते मुख्यतः महार आणि मातंग समाजांतून. त्यांच्याकडे संगीत नव्हतं का? भरपूर होतं. हलगी होती, डफ होता, संबळ होता. मग देवळात पेटी, तबला, टाळ आले आणि हलगी बाहेर का राहिली? सोपं उत्तर असं की सुशिक्षितांची अभिरुची आडवी आली. ते खरं आहे, पण अर्धं. हलगी वाजवणं हे गावानं लादलेलं काम होतं. लग्न गावाचं, जत्रा गावाची, मढं गावाचं. वाजवायचं यांनी, आणि उभं राहायचं दूर. ज्यानं बाप्तिस्मा घेतला त्यानं हलगी खुंटीला टांगली ती लाजेनं टांगली असेल, तशीच सुटका म्हणूनही टांगली असेल. त्याला आज आपण ‘अरे, तुझी संस्कृती का सोडलीस?’ असं विचारणं मला उद्धटपणाचं वाटतं.

तमिळनाडूतली गोष्ट याहून बोलकी आहे. तंजावरचे वेदनायगम शास्त्रियार (1774–1864) हे तमिळ ख्रिस्ती कीर्तनांचे थोर रचनाकार. नव्या मिशनऱ्यांनी तमिळ गायनावर बंधनं आणली तेव्हा ते त्वेषानं लढले. आज आपण त्यांचा जयजयकार करू. पण त्याच लढ्यात, 1829च्या सुमारास, त्यांनी चर्चमधला जातिभेद टिकवण्याचीही बाजू घेतली. देशी संगीत आणि जात, दोन्ही एकाच अर्जात! म्हणून कुणी ‘देशी’ म्हटलं की मी लगेच मान डोलावत नाही. दीडशे वर्षांनी मदुराईच्या धर्मशास्त्र विद्यालयात रेव्हरंड थिओफिलस अप्पावू यांनी उलट दिशेनं काम केलं. त्यांनी लोकगीतांच्या चाली आणि परै हे दलितांचं वाद्य उपासनेत आणलं. शास्त्रीय कीर्तन जाणकार गातो, बाकीचे ऐकतात; लोकगीत सगळे गातात आणि गाता गाता बदलतात, ही त्यांची भूमिका होती.

महाराष्ट्रात असं काही ख्रिस्ती मंडळ्यांबाहेर घडलं. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलशात तमाशाचाच साचा घेतला आणि त्यातून आपलं म्हणणं मांडलं. साचा तोच होता, फक्त गावाच्या बोलावण्यावरून नाचायचं राहिलं नव्हतं. मला फरक इथे दिसतो. वाद्याच्या चामड्यात अपमान नसतो, ते कुणाच्या हुकमावरून वाजतं यात असतो.

जाता जाता पेटीबद्दल. हार्मोनियम पॅरिसची, एकोणिसाव्या शतकातली. आपल्याकडे आली ती मिशनऱ्यांच्या आणि साहेबांच्या सामानातून. आज तिच्याशिवाय भजन होत नाही, आणि ‘पारंपरिक वाद्यं हवीत’ म्हणणारे तिच्याकडेच बोट दाखवतात! आकाशवाणीनं मात्र 1940 पासून तीसेक वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं होतं. रोमचंही पाहा. 1903 साली दहाव्या पायसनं चर्चमध्ये पियानोला आणि ढोलाला मनाई केली. 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेला मान द्या असं सांगितलं. साठ वर्षांत देव बदलला नाही, ऐकणारे कान बदलले.

आता आजचं भांडण. तरुणांना गिटार आणि कीबोर्ड हवा, मधल्यांना टिळकांची भजनं, आणि आजी-आजोबांना तीच जुनी, भाषांतरित, आघात चुकलेली गीतं. मघाशी मी त्यांच्यावर टीका केली, ती भाषेच्या अंगानं मी मागे घेत नाही. पण ज्या बाईनं सत्तर वर्षं ती गायली, नवऱ्याच्या दफनाला गायली, तिच्यासाठी ती परकी कशी? तिची आईही तीच गात होती. समितीनं ठराव करून ती काढली तर आपण जिनिव्हाच्या नगर परिषदेच्याच खुर्चीत बसतो, फक्त यावेळी चाल बदलणारेही आपणच असतो. म्हणून गीतं निवडायला बसाल तेव्हा पाळक, ऑर्गनवाला आणि दोन पदवीधर एवढ्यांनीच बसू नका. तिलाही बोलवा. आणि ज्याच्या आजोबांनी हलगी खुंटीला टांगली होती त्याला विचारा, ती काढायची आहे का. तो ‘नको’ म्हणाला तर विषय तिथेच सोडा. ‘हो’ म्हणाला तर मागच्या बाकावर नव्हे, पुढे जागा करा. हलगीला हात मोकळा फिरवायला जागा लागते.

एवढंच बोलायचं होतं. आता तुमचे प्रश्न घेतो.