माद्रिदची स्पर्धा आणि आमच्या गावचा फिटर

चवथ जवळ आली की आमच्या शिरगावात माटोळीच्या सामानाची लगबग सुरू होते. सरकारच्या कला व संस्कृती संचालनालयाने माटोळीची स्पर्धा घ्यायला लागल्यापासून तरुण मुलेही रानफळांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून घेतात. भजन, नाटक, रांगोळी यांच्याही स्पर्धा आपण हौसेने भरवतो. पण फिटर, वेल्डर, सुतार यांचीही स्पर्धा असते, तीही जागतिक, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मी स्वतः मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, तरी नोकरीत लागेपर्यंत मलाही ते माहीत नव्हते.

या स्पर्धेचा जन्म स्पेनमधला. १९३६ ते १९३९ या यादवी युद्धाने तो देश मोडून पडला होता. कारखान्यांना कुशल कामगार मिळेनात. तेव्हा तिथल्या युवक संघटनेचे प्रमुख एलोला ओलासो यांनी ठरवले की, मुलांना आणि मुख्य म्हणजे त्यांच्या आईवडिलांना हाताच्या कामाची किंमत पटवायची तर शिकाऊ कारागिरांची स्पर्धा लावावी. १९४७ मध्ये देशपातळीवर स्पर्धा झाली. १९५० मध्ये शेजारच्या पोर्तुगालला बोलावणे गेले आणि माद्रिदमध्ये दोन्ही देशांचे बारा-बारा तरुण समोरासमोर उतरले.

पोर्तुगाल! त्या वर्षी आपला गोवाही त्याच पोर्तुगालच्या ताब्यात होता. डिचोलीच्या कुंभाराच्या किंवा कासाराच्या मुलाला या निमंत्रणाची कुणकुण तरी लागली असेल, असे मला वाटत नाही. हात मात्र त्याचेही तयार होतेच.

१९५३ मध्ये जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स वगैरे देश आले. १९६४ मध्ये ही स्पर्धा खुद्द लिस्बनमध्ये भरली. तोवर गोवा मुक्त होऊन तिसरे वर्ष सरत आले होते, आणि त्याच १९६४ मध्ये भारताने आयटीआयच्या प्रशिक्षणार्थींसाठी अखिल भारतीय स्पर्धा सुरू केली. जागतिक मंचावर मात्र आपण २००७ मध्ये, जपानच्या शिझुओकाला पोहोचलो. दक्षिण कोरिया १९६७ पासूनच तिथे होता. २०१९ मध्ये रशियातील कझान येथे भारताला एक सुवर्ण, एक रौप्य आणि दोन कांस्य पदके मिळाली. सुवर्ण होते जलतंत्रज्ञानातले. कांस्यपैकी एक महाराष्ट्राच्या श्वेता रतनपुरा हिने ग्राफिक डिझाइनमध्ये मिळवले. क्रिकेटच्या एखाद्या सामन्याइतकीही या पदकांची चर्चा आपल्या घरांत झाली नाही.

आमच्या गावाला हा विषय जवळचा का, तर खाणींमुळे. शिरगावात लोहखनिज होते, म्हणून टिपर होता, आणि म्हणून शिकायची घाई कुणालाच नव्हती. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या. दारात उभ्या टिपरवर वेली चढलेल्या मी पाहिल्या आहेत. ज्यांना इंजिन उघडून पुन्हा बसवता येत होते, वेल्डिंगचा सांधा नीट धरता येत होता, ते कुठे ना कुठे कामाला लागले. नुसते चाक फिरवणाऱ्यांचे हाल झाले.

माझा भाचा अशाच एका घरातला. बारावीनंतर त्याने फिटर ट्रेड घेतला तेव्हा नातेवाइकांनी तोंडे वाकडी केली. "इतके शिकून कानस घासणार?" असे त्याच्या आईला ऐकावे लागले. (विचारणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो.) यंदा संस्थेत निवड स्पर्धा झाली. लोखंडाचे दोन तुकडे असे घासायचे की एकाचा चौकोनी भाग दुसऱ्याच्या खाचेत सरकून बसावा, उलटा करून घातला तरी बसावा. माप मायक्रोमीटरवर, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. वेळ ठरलेला. एक घाव जादा पडला की धातू परत लावता येत नाही.

त्याचा दुसरा नंबर आला. पहिल्याचा तुकडा त्याने मागून घेतला आणि घरी आणला. संध्याकाळी दोन्ही जोड दिव्यापुढे धरून तो मला दाखवत होता. त्याच्या जोडातून केसाइतकी उजेडाची रेघ दिसत होती, दुसऱ्याच्यातून काहीच दिसत नव्हते. "मामा, उजव्या कोपऱ्यात मी घाई केली," एवढेच तो म्हणाला आणि कानस शोधायला उठला.