राधानगरीचा घाटमाथा व त्याचे राखणदार

पर्वत चढून जाण्यांत आनंद आहे, हा विचार मनुष्यजातीच्या इतिहासांत फारसा जुना नाहीं. आल्प्स पर्वताच्या ग्रॅनाइटी कड्यांवर शतकानुशतकें गुराखी, शिकारी व स्फटिक शोधणारे लोकच काय ते हिंडत. जिनीव्हाच्या द सोस्यूर या शास्त्रज्ञानें १७६० मध्यें माँ ब्लां शिखराची वाट शोधून काढणारास बक्षीस जाहीर केलें. त्यानंतर सव्वीस वर्षांनीं, १७८६ च्या ऑगस्टांत, पाकार नांवाचा एक वैद्य व बाल्मा नांवाचा एक स्फटिक शोधणारा असे दोघे त्या शिखरावर पोंचले. लंडन येथें आल्पाइन क्लब निघाला तो १८५७ सालीं; म्हणजे इकडे उत्तर हिंदुस्थानांत स्वातंत्र्यसमराचा वणवा पेटला त्याच वर्षीं. चार मित्रांनीं पाठीवर शिधा घेऊन एकादी धार चार दिवस तुडवीत जावें, या छंदास सुशिक्षितांच्या आयुष्यांत प्रतिष्ठा मिळाली ती तेव्हांपासून.

आमच्या सह्याद्रीची गोष्ट निराळी आहे, आणि हें निराळेपण खडकापासूनच सुरू होतें. ग्रॅनाइट भूमीच्या पोटांत खोल निवून घट्ट होतो. पुढें तो वर उचलला जातो आणि बर्फानें तासला जाऊन त्याच्या सुळक्यांस धार येते. सह्याद्री हा सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. राधानगरीच्या बाजूस या थरांच्या माथ्यावर जांभ्या दगडाचें टोपण आहे, आणि त्याच्या सपाट माळास तेथील लोक 'सडा' म्हणतात. म्हणून शिखर सर झालें असें म्हणण्यासारखी जागा येथें क्वचितच लाभते. सडा तुडवीत जावें, एकाएकीं पायाखालची जमीन संपावी आणि खालीं कोंकण दिसावें, असा येथील प्रकार. अर्थातच आमच्या पूर्वजांनीं हा डोंगर किती उंच आहे असें विचारलें नाहीं. तो कोठें फुटतो, बैल कोठून उतरेल, एवढेंच विचारलें.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही चौघे स्नेही चार दिवस या घाटमाथ्यावर होतों. वनखात्याची परवानगी व तेथलाच एक वाटाड्या घेऊन आम्हीं दाजीपूरचें रान व शिवगड हीं ठिकाणें पाहिलीं; मधला वळसा मोटारीनें घेऊन पाटगांवास मौनी महाराजांच्या मठांत माथा टेकला, आणि तेथून रांगण्याची वाट धरली. आमच्यांत पन्नाशीच्या अलीकडचा एकही नव्हता. तेव्हां पराक्रमाच्या हकीकतीची अपेक्षा वाचकांनीं करूं नये. परंतु दिवसभर चालत असतां एक प्रश्न आमच्या बोलण्यांत वारंवार येई. देशावरचीं इतकीं रानें उजाड झालीं. मग एवढीच झाडी कशी राहिली? वाटेंतील अवशेष पाहतां पाहतां त्याचें उत्तर थोडेंथोडें उलगडत गेलें.

या माथ्याचें पहिलें राखण घाटासाठीं झालें. देवगड, विजयदुर्ग या बंदरांच्या बाजूनें मीठ, नारळ व सुकी मासळी वर यावी आणि गूळ, मिरची, तंबाखू खालीं उतरावी, असा हा व्यवहार. ज्याच्या हातीं घाट त्याच्या हातीं जकात. आणि जकात राखावयाची तर माथ्यावर किल्ला हवा. फोंडा घाटावर नजर ठेवणारा शिवगड आज थोड्याशा पडक्या तटांपुरताच उरला आहे. तथापि त्याच्या कांठावर उभें राहिलें कीं त्याची जागा तेथेंच कां निवडली हें सांगावयास कोणी लागत नाहीं. या प्रांतांतील रांगणा, भूदरगड इत्यादि किल्ल्यांचा आरंभ परंपरा शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे नेते. बाराव्या शतकाच्या अखेरीस पन्हाळ्यावर नांदणाऱ्या या राजास यादव सिंघणानें जिंकलें. राज्य गेलें, किल्ले राहिले. कारण घाट होते तेथेंच होते.

रांगणा पाहिल्यावांचून या किल्ल्यांचें मर्म कळत नाहीं. एका अरुंद मानेनें तो मुख्य सह्याद्रीस जोडलेला असून बाकी बाजूंस खोल दऱ्या आहेत. १७०८ सालीं सातारकर शाहू महाराजांनीं पन्हाळा घेतला तेव्हां महाराणी ताराबाईंनीं याच किल्ल्याचा आश्रय केला. शाहू महाराजांच्या फौजेनें रांगण्यास वेढा घातला. किल्ला रामचंद्रपंत अमात्यांनीं झुंजविला. आणि पावसाळा लागला तसा वेढा उठला. जेथें वर्षाकाठीं दीडशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथें मृगनक्षत्र हाच किल्लेदाराचा मोठा सरदार! कोल्हापूरची गादी टिकली तिच्या कारणांत या पावसाचीही गणना इतिहासकारानें केली पाहिजे.

याच अमात्यांचें नांव पुढें १७१५ सालच्या 'आज्ञापत्रा'शीं कायमचें जोडलें गेलें. त्यांतील दुर्गप्रकरण राजनीतीच्या अभ्यासकांस परिचित आहे. किल्ल्याच्या घेऱ्यांतील झाडी जतन करावी, वाढवावी, तिच्यांतली काठीसुद्धां तोडूं देऊं नये, असा त्यांतील एका आज्ञेचा आशय आहे. आणि रयतेच्या आंब्याफणसास धन्याच्या राजीखुषीवांचून हात लावूं नये, असेंही त्यांत बजावलें आहे. यांत निसर्गप्रेमाचा भाग किती हें आम्ही सांगूं शकत नाहीं. संरक्षणाची दृष्टि मात्र उघड आहे. गर्द झाडी ही किल्ल्याची बाहेरची तटबंदी होती. पण हेतु कांहींही असो, झाड उभें राहिलें.

पेशवाई गेली, तोफा निकामी झाल्या. झाडीचें लष्करी प्रयोजन संपलें. त्यानंतरचें राखण शिकारीसाठीं झालें. दाजीपूरचें जंगल कोल्हापूर दरबाराचें शिकारीचें रान होतें, आणि राजर्षि शाहू महाराजांस शिकारीचा शोक होता हें सर्वश्रुत आहे. परंतु त्याच रानांत त्यांना दुसरेंही कांहीं दिसलें. १८९९-१९०० च्या दुष्काळाची आंच सोसलेल्या या राजानें १९०२ सालीं पाटबंधाऱ्यांविषयीं संस्थानचें धोरण ठरविलें आणि पुढें भोगावती नदीवर धरणाचें काम आरंभिलें. धरणाजवळच्या वसाहतीस त्यांनीं आपली कन्या राधाबाई हिचें नांव दिलें, तीच राधानगरी. संस्थानची तिजोरी लहान व काम मोठें; पहिल्या महायुद्धाच्या काळांत तें रखडलें. १९२२ सालीं महाराज निवर्तले तेव्हां धरण अपुरें होतें. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत तें पुरें झालें. आज लक्ष्मी तलाव भरला म्हणजे त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानें आपोआप उघडतात, आणि ती वार्ता पंचगंगेच्या कांठचा प्रत्येक गांव कान देऊन ऐकतो. घाटमाथ्यावरचा पाऊस खालीं उंसाच्या मळ्यांत जातो, तो या मार्गानें. झाडीनें माती धरून ठेवावी व मातीनें पाणी, हें झाडी राखण्याचें तिसरें प्रयोजन झालें.

चौथें प्रयोजन आपल्या काळाचें. १९५८ सालीं दाजीपूरचें रान गव्यांसाठीं अभयारण्य ठरलें. १९८५ मध्यें त्याचा विस्तार साडेतीनशे चौरस किलोमीटरांवर गेला, आणि २०१२ सालीं पश्चिम घाटांतील एकोणचाळीस स्थळें जागतिक वारसा म्हणून मान्य झालीं त्यांत राधानगरीचें नांव आलें. ज्या गव्यावर पूर्वीं बंदुका रोखल्या जात, त्याच्यासाठीं आतां पहारे बसले.

एवढा क्रम पाहिल्यावर एक गोष्ट कबूल करावी लागते. या डोंगरावर केवळ प्रेम केल्यानें तो राहिला नाहीं. प्रत्येक पिढीस त्याची गरज भासली म्हणून राहिला. आणि जी झाडी एका गरजेपायीं राहते ती दुसऱ्या गरजेपायीं जाऊंही शकते. सड्याच्या जांभ्यांत बॉक्साइट आहे. त्यासाठीं याच तालुक्यांत दुर्गमानवाडीच्या बाजूस खाणी चालल्या. ॲल्युमिनिअमचीं भांडीं आपण सर्वच वापरतों. तेव्हां खाणीस नुसतीं नांवें ठेवून आपली सुटका नाहीं. दुसरा प्रश्न याहूनही नाजूक आहे. या माथ्यावर गवळी धनगरांचे वाडे आहेत. अमात्य, महाराज व सरकार यांचीं नांवें इतिहासांत आलीं. ज्यांच्या गुरांनीं पायवाटा पाडल्या त्यांचें नांव कोठें आलें नाहीं. अभयारण्य झालें कीं पहिला निर्बंध त्यांच्याच चराईवर येतो. गवा राखावा हें खरें. पण त्याची सारी किंमत एका धनगरवाड्यानेंच कां द्यावी, याचें उत्तर खालच्या सुखवस्तु लोकांनीं दिलें पाहिजे.

आणि आतां आमच्यासारखे लोक आले आहेत. आम्हांस ना जकात घ्यावयाची, ना किल्ला लढवावयाचा, ना शेत भिजवावयाचें. आम्ही आनंदासाठीं येतों. माँ ब्लांवरून निघालेला हा विचार रांगण्यापर्यंत पोंचला ही वाईट गोष्ट नव्हे. परंतु आधींच्या प्रत्येकानें स्वार्थासाठीं कां होईना, कांहीं राखलें. केवळ आनंदासाठीं येणारानें अद्याप काय राखलें आहे? पूर्वीं घाट ओलांडणारा प्रत्येक बैल जकात देऊन पुढें जाई. आम्हांस वाटतें, ती जकात आज आमच्याकडेही मागितली जावी: वाटाड्यास रास्त मजुरी, वनखात्याच्या नियमांचें पालन, वाड्यावरच्या माणसाच्या प्रश्नाविषयीं आस्था, आणि खाणीचा व पुनर्वसनाचा प्रश्न निघेल तेव्हां सुशिक्षितांनीं मौन न धरणें. एवढें देणें ज्यास जड वाटेल त्यानें खुशाल घरीं बसून इतिहास वाचावा. सह्याद्रीचें त्यांत कांहीं अडणार नाहीं.