घानाचा स्वातंत्र्यलढा : बहिष्कार, संप आणि मतपेटी

पश्चिम आफ्रिकेतील ‘गोल्ड कोस्ट’ ही ब्रिटिश वसाहत ६ मार्च १९५७ रोजी ‘घाना’ या नावाने स्वतंत्र झाली. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील ब्रिटिश वसाहतींत आफ्रिकी जनतेच्या हाती सत्ता येण्याची ही पहिलीच वेळ होती. लढ्याचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी महात्मा गांधींच्या मार्गापासून प्रेरणा घेतली होती. त्यांनी पुकारलेले मुख्य आंदोलन सरकारने अल्पावधीतच मोडून काढले. तरीही वर्षभरात सत्तेची सूत्रे आंदोलकांच्याच हाती आली. या उलथापालथीचे मर्म त्यांच्या पक्षसंघटनेत होते.

बहिष्कार आणि गोळीबार

दुसऱ्या महायुद्धात गोल्ड कोस्टचे हजारो सैनिक भारतीय सैनिकांप्रमाणेच ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिशांच्या बाजूने लढले. मायदेशी परतल्यावर बेकारी आणि महागाई त्यांच्या वाट्याला आली. आयात मालाच्या व्यापारावर मोजक्या परदेशी कंपन्यांचे वर्चस्व होते. त्यातच रोगग्रस्त कोकोची झाडे तोडण्याची सक्ती झाल्याने शेतकरीही संतापले होते.

जानेवारी १९४८ मध्ये नी क्वाबेना बोन या स्थानिक प्रमुखांच्या नेतृत्वाखाली आयात मालावर बहिष्कार सुरू झाला. कंपन्यांनी भाव उतरवण्याचे मान्य केल्यावर २८ फेब्रुवारीला तो मागे घेण्यात आला. त्याच दिवशी माजी सैनिकांचा निःशस्त्र मोर्चा आपल्या मागण्यांचे निवेदन घेऊन अक्रा येथील गव्हर्नरांच्या निवासस्थानाकडे निघाला. क्रिस्तियानसबर्ग किल्ल्याजवळ पोलिसांनी केलेल्या गोळीबारात सार्जंट अ‍ॅड्जेटे, कॉर्पोरल अ‍ॅटिपो आणि प्रायव्हेट ओडार्टे लॅम्प्टे हे तिघे ठार झाले. त्यानंतर अक्रासह अनेक शहरांत दंगली उसळल्या.

‘स्वराज्य आत्ताच’

त्या वेळी ‘युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन’ हा सुशिक्षित मध्यमवर्गाचा प्रमुख पक्ष होता. शक्य तितक्या लवकर स्वराज्य, अशी जे. बी. डांक्वा प्रभृती नेत्यांची भूमिका होती. पक्षाचे सरचिटणीस असलेल्या एन्क्रुमा यांना ही गती मान्य नव्हती. १२ जून १९४९ रोजी त्यांनी ‘कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी’ स्थापन केली आणि ‘स्वराज्य आत्ताच’ ही घोषणा दिली. कामगार, बेरोजगार तरुण, माजी सैनिक आणि बाजारातील विक्रेत्या महिला हा या पक्षाचा कणा होता.

विद्यार्थिदशेत एन्क्रुमा यांना अहिंसेच्या परिणामकारकतेविषयी शंका होती. गांधींच्या धोरणाच्या अभ्यासानंतर त्यांचे मत बदलले. भक्कम राजकीय संघटनेचे पाठबळ असेल, तर वसाहतींचा प्रश्न या मार्गाने सुटू शकतो, असा निष्कर्ष त्यांनी आत्मचरित्रात नोंदवला आहे. त्यांच्या कार्यक्रमाचे नाव होते ‘पॉझिटिव्ह अ‍ॅक्शन’, अर्थात सकारात्मक कृती. सनदशीर राजकीय प्रचार, वृत्तपत्रे व लोकशिक्षण आणि अखेरचा उपाय म्हणून अहिंसेवर आधारित संप, बहिष्कार व असहकार, अशा त्याच्या पायऱ्या होत्या.

पराभवातून विजय

नव्या राज्यघटनेच्या मसुद्यात संरक्षण, वित्त आणि न्याय ही खाती ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच राहणार होती. त्याविरोधात एन्क्रुमा यांनी ८ जानेवारी १९५० रोजी ‘पॉझिटिव्ह अ‍ॅक्शन’ची घोषणा केली. दुकाने बंद झाली आणि रेल्वेसेवा विस्कळीत झाली. ११ जानेवारीला सरकारने आणीबाणी लागू केली. माजी सैनिकांच्या एका मोर्चाच्या वेळी दोन पोलीस मारले गेल्याने आंदोलनाला गालबोट लागले. एन्क्रुमा यांच्यासह प्रमुख नेत्यांना अटक होऊन शिक्षा झाल्या आणि संप संपुष्टात आला.

पक्षसंघटना मात्र शाबूत राहिली. तुरुंगातून सुटलेले के. ए. बेडेमा यांनी पक्षाची धुरा सांभाळली. मुक्त झालेले कार्यकर्ते ‘पी. जी.’ म्हणजे ‘प्रिझन ग्रॅज्युएट’ (तुरुंगाचे पदवीधर) अशी अक्षरे असलेल्या टोप्या अभिमानाने मिरवू लागले. फेब्रुवारी १९५१ च्या निवडणुकीत पक्षाने लोकनिर्वाचित ३८ जागांपैकी ३४ जागा जिंकल्या. अक्रामध्ये एन्क्रुमा तुरुंगातूनच प्रचंड मताधिक्याने निवडून आले. गव्हर्नर चार्ल्स आर्डेन-क्लार्क यांनी १२ फेब्रुवारीला त्यांची मुक्तता करून त्यांना सरकार स्थापनेसाठी पाचारण केले. १९५२ मध्ये ते पंतप्रधान झाले.

पुढील वाटचालही निर्वेध नव्हती. संघराज्याची मागणी करणाऱ्या अशांती प्रदेशातील विरोधकांशी हिंसक संघर्ष झाला. ब्रिटनच्या आग्रहास्तव १९५६ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. तीत एन्क्रुमा यांच्या पक्षाला १०४ पैकी ७१ जागा मिळाल्या आणि स्वातंत्र्याची तारीख निश्चित झाली.

स्वातंत्र्यानंतर

अहिंसक लढ्यातून मिळालेली सत्ता पुढेही उदार राहील, याची हमी मात्र घानाला मिळाली नाही. १९५८ च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याने सरकारला खटल्याविना पाच वर्षांपर्यंत कैदेत ठेवण्याचा अधिकार मिळाला. १९६४ मध्ये देशात एकपक्षीय राजवट आली. ज्यांच्या पक्षातून एन्क्रुमा बाहेर पडले, त्या डांक्वा यांचा फेब्रुवारी १९६५ मध्ये तुरुंगातच मृत्यू झाला. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी लष्कराने एन्क्रुमा यांची सत्ता उलथवली. १९४८ मध्ये ब्रिटिश सरकारने एन्क्रुमा आणि डांक्वा या दोघांना एकाच वेळी अटक केली होती.